दोन रस्ते, पण दोन्ही जागे हवेत
बॅकअप सर्व्हरच्या बिघाडातून व्यापाऱ्यांनी घ्यावयाचा धडा

पवित्र कुरआनातील सर्वात दीर्घ आयत उपासनेविषयी नसून देण्याघेण्याच्या नोंदीविषयी आहे. सूरह बकराच्या या २८२ व्या आयतीत मुदतीचे कर्ज लिहून ठेवण्याचा आणि त्यावर साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. एकट्या माणसाच्या स्मरणावर व्यवहार सोपवू नये, हा त्यातील बोध होय. आज आमच्या व्यापारी बांधवांची खातेवही संगणकात गेली आहे. तेव्हा त्या वहीची काळजीही त्याच जबाबदारीने घेतली पाहिजे.

ठाणे जिल्ह्याला दोन रस्त्यांचा धडा एकदा मिळालेला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे व नवी मुंबईची वीज गेली. लोकल गाड्या जागीच थांबल्या आणि काही भागांत कित्येक तास अंधार राहिला. तत्कालीन ऊर्जामंत्र्यांनी दिलेले कारण असे होते: कळवा-पडघा ४०० केव्हीच्या यंत्रणेत एका सर्किटचे देखभालीचे काम चालू असल्याने सर्व भार दुसऱ्यावर होता आणि त्या दुसऱ्यातच बिघाड झाला. म्हणजे रस्ते दोन होते, परंतु त्या घटकेला चालू एकच होता. संगणकाच्या साठवणुकीत नेमके असेच घडते.

मल्टिपाथ म्हणजे काय?

मोठ्या कार्यालयात हिशोबाची प्रत ठेवणारा सर्व्हर वेगळा आणि डिस्कचे कपाट वेगळे असते. या दोहोंमध्ये एकच केबल असेल, तर ती तुटताच काम बंद. म्हणून दोन कार्डे, दोन केबली, दोन स्विच आणि कपाटाचे दोन कंट्रोलर असे दोन स्वतंत्र रस्ते टाकतात. लिनक्सला मात्र एकच डिस्क दोन रस्त्यांनी दोनदा दिसते; एकदा एसडीबी या नावाने, तर एकदा एसडीसी या नावाने. डिस्कच्या कायम क्रमांकावरून ही दोन्ही नावे एकाच डिस्कची आहेत हे ओळखून त्यांची मोट बांधण्याचे काम मल्टिपाथ करते. एक रस्ता बंद पडला तर ते दुसऱ्याने काम चालू ठेवते.

येथेच धोका आहे. काम चालू राहते, म्हणून एक रस्ता मेल्याचे कोणाला कळत नाही.

आम्ही पाहिलेला प्रकार

ठाण्यातील एका हिशोबाच्या कार्यालयात आम्हांला बोलावणे आले. भिवंडीचे यंत्रमागवाले, मुंब्र्याचे जरीकाम करणारे, कल्याणचे किराणा व्यापारी अशा अनेकांची खाती तेथे होती. मुख्य संगणकाची डिस्क गेली होती. प्रत आहे म्हणून मालक निश्चिंत होते. प्रत उघडली, तर ती नऊ दिवस जुनी निघाली.

शोध घेता असे आढळले की एक केबल कित्येक महिन्यांपूर्वीच निकामी झाली होती. नऊ दिवसांपूर्वी दुसऱ्या रस्त्याचा स्विचही बंद पडला. सर्व रस्ते बंद झाल्यास रस्ता येईपर्यंत थांबून राहा, असे सेटिंग होते. त्यामुळे बॅकअपचे काम ना पुरे झाले, ना त्याने चुकीचा संदेश दिला. ते नुसते थांबून राहिले, आणि पुढील प्रत्येक रात्रीचे काम त्याच्यामागे रांगेत उभे राहिले.

ज्यांनी बिले व चलने जपून ठेवली होती, त्यांच्या नोंदी पुन्हा भरता आल्या. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिरांचे कागद मात्र नव्हते. त्यांचे नऊ दिवसांचे नग मालकाच्या आणि कारागिराच्या आठवणीवर ठरवावे लागले. दोघेही प्रामाणिक होते, तरी आकडे जुळले नाहीत.

बिघाड कसा शोधावा?

१) प्रथम सर्व्हर बंद करू नये. थांबलेले काम रस्ता परत येताच पुढे चालू होऊ शकते. बटण दाबून बंद केल्यास अर्धवट लिहिलेली फाईल खराब होण्याची भीती असते.

२) मल्टिपाथची आज्ञा 'एलएल' या पर्यायासह द्यावी. प्रत्येक डिस्कखाली तिचे रस्ते दिसतात. त्यांची स्थिती वाचावीच, पण त्यांची संख्याही मोजावी. सर्व्हर सुरू होण्यापूर्वीच मेलेला रस्ता यादीत 'नादुरुस्त' म्हणून येत नाही, तो यादीतच नसतो. म्हणून किती रस्ते असावेत हे कागदावर लिहून सर्व्हरवर चिकटवावे.

३) सर्व डिस्कचा एकच रस्ता गेला असेल, तर दोष बहुधा कार्ड, केबल किंवा स्विचमध्ये असतो. एकाच डिस्कचा गेला असेल, तर कपाटात त्या डिस्कची परवानगी तपासावी.

४) लॉग वाचावा. 'लिंक डाउन' आणि किती रस्ते उरले याचे संदेश तेथे तारीख-वेळेसह मिळतात.

५) एका वेळी एकच भाग बदलावा. फायबर केबलच्या टोकावरील धूळही पुरेशी असते. आधी टोक साफ करावे, मगच नवीन केबल घ्यावी.

६) दुरुस्तीनंतर फाईलची नक्कल चालू असताना एक केबल काढून पाहावी. ती परत लावून रस्ता जागा झाल्याची खात्री करावी, मग दुसरी काढावी. ही परीक्षा रात्री, काम नसताना आणि ताजी प्रत हाती असतानाच घ्यावी.

नेहमीच्या तीन चुका

पहिली चूक म्हणजे डिस्क मल्टिपाथच्या नावाने न जोडता थेट एसडीबी या नावाने जोडणे. मग दुसरा रस्ता असूनही उपयोग नाही. दुसरी, 'नो पाथ रिट्राय' या ठिकाणी 'क्यू' लिहून विसरून जाणे. तेथे १२ लिहिल्यास, दर ५ सेकंदांच्या तपासणीने सुमारे एक मिनिट वाट पाहून काम चुकीचा संदेश देते, आणि बॅकअपच्या बाबतीत संदेश मिळणे हेच हिताचे असते. तिसरी चूक म्हणजे दोन्ही केबली एकाच स्विचमध्ये किंवा दोन्ही स्विच एकाच विजेच्या पट्टीवर लावणे. हे दोन रस्ते केवळ नावाचे असतात.

लहान व्यापाऱ्यांसाठी

आमच्या बहुतेक वाचकांकडे असा सर्व्हर नाही, पण नियम तोच आहे. शिवाय दोन रस्ते म्हणजे दोन प्रती नव्हेत. चुकून पुसलेली नोंद दोन्ही रस्त्यांनी पुसलेलीच दिसणार. म्हणून हिशोबाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुकानाबाहेर ठेवावी. २६ जुलै २००५ च्या महापुरात कल्याण-बदलापूरकडे तळमजल्यावरील दुकाने पाण्यात गेली. दुकानातच ठेवलेली दुसरी प्रत अशा वेळी पहिलीबरोबरच बुडते. जीएसटी कायद्यानुसार त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशोब जपावे लागतात, हेही ध्यानात असावे.

महिन्यातून एकदा जुनी प्रत उघडून एखादे खाते वाचून पाहावे. तसेच कारागिराच्या हातात रोजच्या नगांची चिठ्ठी द्यावी. संगणक बंद पडला तरी ती चिठ्ठी साक्ष देईल. दुसऱ्याचा हक्क आपल्या वहीत लिहिलेला असतो. ती अमानत आहे, आणि तिची विचारणा केवळ जीएसटी कार्यालयात होणार नाही.