बुफेतही विहिणीची पंगत
प्रश्न : मुलीच्या रिसेप्शनला बुफे आहे. वरपक्षाची पंगत वेगळी कशी बसवावी?

उत्तर : ही पंगत ठेवाच; विहीणबाईंना ताट घेऊन रांगेत उभं करू नका. पाटांऐवजी टेबलं मांडा, गुडघे दुखणाऱ्यांची सोय होते. सगळ्यांना एकाच बाजूला बसवा, म्हणजे समोरून वाढता येतं. केळीच्या पानाचा शेंडा जेवणाऱ्याच्या डावीकडे हवा. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर त्याच बाजूला, भाज्या उजवीकडे. रांगोळीची महिरप पंख्यानं उडते, त्याऐवजी शेवंतीची अख्खी फुलं मांडा. केटररला पानांचा आकडा आधीच सांगा आणि दोन वाढपी फक्त या पंगतीसाठी मागून घ्या. अन्नशुद्धीचं तूप मात्र तुम्ही नवराबायकोनंच वाढा. मग उखाणे आणि जिलबीचा घास.