तीन वर्षांनी येणारं फूल

आईबाबांनो, या उन्हाळ्यात बाल्कनीतली अमरिलिस फुलली की नर्सरीतून नवे कांदे आणू नका. आहे त्याच फुलापासून मुलांना बी धरू द्या. मोठा कांदा लावला की थोड्याच दिवसांत फूल येतं, मूल टाळ्या पिटतं आणि विसरून जातं. बियांपासून वाढवलेल्या झाडाला पहिलं फूल यायला मात्र साधारण तीन वर्षं लागतात, कधी चारही. इतकी वाट पाहण्याची संधी आपल्या घरांतल्या मुलांना आता मिळतच नाही, म्हणून हे कळकळीने सांगते आहे.

घरात दोन रंगांची झाडं असतील तर उत्तम. फूल उमललं की सहा पुंकेसर परागांनी भरतात, मधली कुक्षी एक-दोन दिवसांनी तीन फाट्यांत उघडते. लाल फुलाचे पराग कापसाच्या काडीवर घेऊन मुलाला ते पांढऱ्या फुलाच्या कुक्षीवर लावू द्या. विज्ञानाच्या पुस्तकातली आकृती इथे त्याची बोटं पिवळी करते. फूल वाळतं, त्यामागचं हिरवं बोंड फुगत जातं आणि पाचेक आठवड्यांत पिवळं पडून तडकतं. आत पत्त्यांच्या जोडासारख्या एकावर एक रचलेल्या काळ्या, कागदी बिया असतात. त्या उजेडासमोर धरायच्या. मध्यभागी फुगीर ठिपका दिसला तर ती रुजण्याजोगी, बाकीच्या पोचट.

बिया डबीत जपून ठेवू नका, जुन्या झाल्या की रुजत नाहीत. वाडग्यात पाण्यावर तरंगत सोडा. पंधरवड्याच्या आसपास कडेतून पांढरं मूळ डोकावतं. ते सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर झालं की कोकोपीट, वाळू आणि गांडूळखताच्या मिश्रणात वरच्यावर लावायचं.

आता आपली परीक्षा सुरू होते. कितीतरी महिने कुंडीत गवताच्या पात्याएवढं एखादं पान दिसतं, बस. मुलाच्या हस्ताक्षरातली पाटी कुंडीत रोवा, नाहीतर घरातलंच कुणीतरी तण समजून ते उपटून टाकेल. मोठ्या कांद्यांना हिवाळ्यात पाणी तोडून विश्रांती देतात, या पिल्लांना पहिली दोन वर्षं तसं करू नका. पान हिरवं राहिलं तरच खाली कांदा भरतो. आपल्याकडे कुंडी बारा महिने बाहेर राहते. अमेरिकेत, कॅनडात असाल तर थंडी पडायच्या आत ती घरात घ्या. गोठवणारी थंडी या कांद्यांना सोसत नाही.

पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेले सुरवंट येतात आणि बघता बघता पानं फस्त करतात. मूल रडेल. अशा वेळी गुपचूप दुसरं रोप आणून त्या जागी लावायचा मोह होतो, तो आवराच. कांदा शाबूत असेल तर बहुतेक वेळा पुन्हा पान फुटतं, आणि ते मुलानेच पाहायला हवं. रोज संध्याकाळी पानं उलटून पाहणं, सुरवंट चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकणं, हे त्याचं काम.

एक गोष्ट मात्र स्वतः सांभाळा. हे कांदे विषारी असतात. पोटात गेले तर उलट्या-जुलाब होतात. दिसतात अगदी स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखे, म्हणून टोपलीजवळ ठेवू नका, माती हाताळल्यावर हात धुवायला लावा. मूल फारच लहान असेल तर थोडं थांबा.

लाल-पांढऱ्याच्या बियांतून काय निघेल ते कुणीच सांगू शकत नाही. मूळ कांद्याशेजारी येणारी पिल्लं आईच्याच रंगाची, बियांची भावंडं मात्र प्रत्येक वेगळं. 1799 च्या सुमारास इंग्लंडच्या लँकाशायरमध्ये आर्थर जॉन्सन या घड्याळजीने अशाच दोन जातींचा संकर केला. अमरिलिसच्या संकरित जातींची सुरुवात त्याच झाडापासून मानतात, आणि त्याचं नाव त्या झाडाला आजही आहे.

तुमच्या घरी कदाचित साधं लालच फूल येईल. तीन वर्षांनी मूल धावत येऊन ते दाखवेल, तेव्हा ‘असं तर आपल्याकडे आहेच की’ म्हणू नका. दोन्ही फुलं शेजारी धरा आणि काय वेगळं आहे ते त्यालाच विचारा.