हातातील गेमयंत्र आणि संगणक-सुरक्षेचा अभ्यास



हॅकिंग हा शब्द ऐकला की आपल्या मनात प्रथम चोरीच येते. कोणाच्या बँकेतून पैसे गेले, कोणाचे खाते पळविले, अशाच बातम्या आपण वाचतो. परंतु कुलूप कसे उघडते हे जसे चोराला ठाऊक असते, तसे ते कुलूप घडविणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते. मालकाच्या परवानगीने त्याच्या संगणकातील कच्चे दुवे शोधणे व ते त्यालाच कळविणे, यास नैतिक हॅकिंग म्हणतात. या विद्येची छोटी प्रयोगशाळा हातात मावणाऱ्या गेमयंत्रावर कशी उभारता येते, ते प्रस्तुत लेखात पाहू.

खेळणे आणि हॅकिंग यांचे नाते जुने आहे. अमेरिकेत कॅप्टन क्रंच नावाच्या न्याहारीच्या पाकिटात एके काळी मुलांसाठी प्लॅस्टिकची शिट्टी मिळे. तिच्यातून २६०० हर्ट्झचा सूर काढता येई, आणि लांब पल्ल्याची लाइन मोकळी असल्याची खूण म्हणून तेथील टेलिफोन यंत्रणा नेमका तोच सूर वापरीत असे. या युक्तीने फुकट फोन करणारे जॉन ड्रेपर कॅप्टन क्रंच याच नावाने प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली पकडलेही गेले. असो.

आजचे गेमयंत्र म्हणजे पूर्ण संगणकच होय. फक्त बहुतेक कंपन्या त्याला कुलूप घालून विकतात. निन्टेन्डो कंपनीच्या स्विच या यंत्रावर कंपनीने मान्य केलेलेच सॉफ्टवेअर चालावे, अशी रचना आहे. २०१८ साली केट टेमकिन यांनी त्यातील चिपच्या आरंभीच्या प्रोग्रॅममधील एक दोष उघड केला. हा प्रोग्रॅम चिपमध्ये कायमचा कोरलेला असल्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत तो दोष सॉफ्टवेअरने दुरुस्त करणे शक्य नव्हते, व त्यातूनच अशा स्विचवर लिनक्स चालविता येऊ लागले. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की टेमकिन यांनी जाहीर वाच्यता करण्यापूर्वी संबंधित कंपन्यांना कळविले होते.

व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीने फेब्रुवारी २०२२ मध्ये आणलेल्या स्टीम डेकवर मात्र असे कुलूप नाही. ७ इंची पडदा, १६ जीबी मेमरी, वजन ६६९ ग्रॅम, आणि आत आर्च लिनक्सवर आधारलेली स्टीमओएस ही प्रणाली. तेव्हा अमेरिकेत त्याच्या सर्वांत स्वस्त आवृत्तीची किंमत ३९९ डॉलर होती. पॉवरच्या मेनूतून डेस्कटॉप निवडला की नेहमीचा संगणक समोर येतो. त्यावर आरंभी पासवर्ड नसतो, तो प्रथम आपण ठरवावा. मूळ प्रणालीचा भाग केवळ वाचण्यापुरता खुला असतो. तो उघडून त्यात साधने घातली, तरी पुढच्या अद्ययावतीकरणात ती पुसली जाऊ शकतात. म्हणून मूळ प्रणालीला हात न लावता वेगळ्या मायक्रोएसडी कार्डावर काली लिनक्स घालणे बरे. काली ही सुरक्षा-परीक्षणासाठीच बनविलेली, डेबियनवर आधारलेली मोफत प्रणाली असून ती २०१३ पासून उपलब्ध आहे. यंत्र बंद करून आवाज कमी करण्याचे बटण दाबून ठेवावे व पॉवरचे बटण दाबावे, म्हणजे कोणत्या कार्डावरून सुरुवात करायची हे निवडता येते.

अडचणीही आहेत. पडदा मुळात उभा बसविलेला असल्याने चित्र आडवे पडलेले दिसते. ते सेटिंगमध्ये फिरवावे लागते. कीबोर्ड नाही, आणि यूएसबी-सीचे छिद्र एकच, तेही चार्जिंगचे. तेव्हा एक हब लागतोच. वाय-फायच्या सखोल परीक्षणासाठी वेगळा यूएसबी अ‍ॅडॅप्टर घेणे सोयीचे. स्पष्टच सांगायचे तर घरात जुना लॅपटॉप असल्यास हे सारे त्यावर अधिक सुखाने होते. केवळ अभ्यासासाठी आईवडिलांना या यंत्राचा खर्च घालू नये. ज्याच्यापाशी ते आहेच, त्याने मात्र त्याचा उपयोग खेळापुरता ठेवू नये.

आता प्रत्यक्ष पाठाकडे वळू. गॉर्डन लायन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेले एनमॅप हे साधन एखाद्या संगणकाचे कोणते दरवाजे, म्हणजे पोर्ट, उघडे आहेत ते सांगते. आपल्या घरातील जुना राउटर घ्या व त्यावर ते चालवा. २३ क्रमांकाचा पोर्ट उघडा दिसला, तर तेथे टेलनेट चालू असण्याचा संभव मोठा. मग वायरशार्क सुरू करा. जेराल्ड कोम्ब्स यांचे हे साधन १९९८ मध्ये इथिरियल या नावाने आले. ते आपल्या यंत्रातून ये-जा करणारा मजकूर जसाच्या तसा दाखविते. ते चालू ठेवून त्याच यंत्रावरून राउटरमध्ये टेलनेटने प्रवेश करा. तुम्ही टाइप केलेला पासवर्ड एकेक अक्षर करून पडद्यावर उघडा पडलेला दिसेल! राउटरवर एसएसएचची सोय असल्यास २२ क्रमांकाच्या पोर्टवरून तीच कृती पुन्हा करा. आता केवळ अर्थहीन खुणा दिसतील. पुस्तकाची वीस पाने वाचून सांकेतिक लिपीचे महत्त्व जेवढे पटत नाही, तेवढे या दहा मिनिटांत पटते. नंतर तो टेलनेटचा दरवाजा बंद करून एनमॅप पुन्हा चालवा. पुढील सरावासाठी मुद्दाम सदोष बनविलेली मेटास्प्लॉयटेबल व ज्यूस शॉप यांसारखी सॉफ्टवेअर मोफत मिळतात. तसेच एनमॅपच्या चालकांनी ‘स्कॅनमी’ नावाचा आपला एक संगणक अशा चाचणीसाठी खुला ठेवला आहे. मात्र दिवसातून मोजक्याच वेळा, अशी त्यांची विनंती आहे.

हीच साधने शेजाऱ्याच्या, महाविद्यालयाच्या किंवा सभागृहाच्या वाय-फायवर, ‘नुसते पाहतो’ म्हणूनदेखील, चालवू नयेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या वा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून संगणकात वा नेटवर्कमध्ये शिरल्यास नुकसानभरपाई द्यावी लागू शकते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे वा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये ३ वर्षांपर्यंत कारावास, ५ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोकरीच्या उंबरठ्यावरील मुलाच्या नावावर असा गुन्हा नोंदला गेला, तर त्या घराचे काय होते, हे वेगळे सांगायला नको. म्हणून परवानगी लेखी घ्यावी. कोणती यंत्रे तपासायची, कोणत्या दिवशी, काही बंद पडल्यास कोणाला कळवायचे, हे त्या कागदावर असावे आणि खाली जबाबदार व्यक्तीची सही असावी. मित्राने तोंडी दिलेला होकार पुरत नाही. कारण राउटर बहुधा त्याच्या नव्हे, त्याच्या वडिलांच्या नावावर असतो.

आपल्याच वस्तूची तपासणी करताना एखाद्या विकत मिळणाऱ्या उपकरणात दोष आढळला, तर तो प्रथम उत्पादकास कळवावा. उत्तर न आल्यास केंद्र सरकारची सर्ट-इन ही संस्था अशा सूचना स्वीकारते. पत्रात उपकरणाचे मॉडेल, आतील सॉफ्टवेअरची आवृत्ती, दोष कसा दिसला याच्या क्रमवार पायऱ्या व तारीख लिहावी, आणि पाठविलेल्या पत्राची एक प्रत आपल्यापाशी जपून ठेवावी.