बालशिक्षणात सुई-दोऱ्याचे स्थान

उन्हाळ्याच्या दुपारी माढ्यातील एखाद्या जुन्या गल्लीतून गेल्यास सोप्यात पसरलेली वाकळ अजूनही दृष्टीस पडते. जुनी लुगडी, धोतरे, विटलेली चादर यांचे थर एकावर एक अंथरलेले असतात. घरातील आजी आणि शेजारच्या दोघी-तिघी कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत असतात. त्यांच्यापाशी एखादे लहान मूल हमखास बसलेले असते. आजीची नजर कमी झालेली असते, म्हणून सुईत दोरा ओवून देण्याचे काम त्याच्याकडे येते. आपल्यापैकी पुष्कळांचे शिवणाचे पहिले शिक्षण असेच झाले आहे. पण हे शिक्षण बहुधा तेथेच थांबते. लहान मुलांना शिवण का शिकवावे, कोणत्या क्रमाने शिकवावे आणि त्यात अडचणी कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

शिक्षणतज्ज्ञांचा विचार

हाताला काम दिल्यावाचून मुलाची बुद्धी पुरती जागी होत नाही, हा विचार नवा नाही. जर्मनीत १८३७ साली फ्रोबेलने लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तिला पुढे ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. त्याच्या हस्तव्यवसायांत कागदाला टोचून छिद्रे पाडणे आणि त्या छिद्रांतून रंगीत दोरा घालणे यांचा समावेश होता. मारिया माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह उघडले. तेथील मुलांसाठी त्यांनी बटणे लावण्याच्या, आकडे अडकविण्याच्या व नाड्या बांधण्याच्या लाकडी चौकटी तयार करविल्या. मुलाने आपले कपडे आपण घालावेत, हा त्यामागील साधा हेतू होता.

महाराष्ट्रात हा विचार खेड्यापर्यंत नेण्याचे श्रेय ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांना आहे. १९४५ साली बोर्डी येथे व पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी ग्रामीण व आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचे प्रयोग केले. महागडी विलायती साधने न आणता परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतून साधने बनवावीत, ही त्यांची शिकवण आपल्यासारख्या तालुक्याला फार उपयोगी आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवण्याची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ हा शालेय शिक्षणाचा आवश्यक भाग मानला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना हातकामाला द्यावेत असे सुचविले आहे. धोरणांत उणीव नाही. उणीव आहे ती वर्गात प्रत्यक्ष सुई हातात देणाऱ्यांची.

शिकवण्याचा क्रम

शिवण शिकविताना पहिली चूक होते ती थेट सुईपासून आरंभ करण्याची. खरा आरंभ ओवण्यापासून व्हावा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला मोठे मणी आणि बुटाची नाडी द्यावी. नंतर जाड पुठ्ठ्यावर पानाचा किंवा माशाचा आकार काढून कडेने छिद्रे पाडावीत व त्यांतून नाडी घालू द्यावी. ‘वरून खाली, खालून वर’ ही चाल एकदा हाताला समजली की शिवणाचे अर्धे व्याकरण समजले. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाड्यांत तीन ते सहा वर्षांची मुले येतात. तेथे हे साधन रिकाम्या खोक्यांतून फुकटात तयार होऊ शकते.

पाच-सहा वर्षांच्या सुमारास पोत्याचे तरट, बोथट टोकाची मोठी सुई आणि लोकर द्यावी. तरटाचे आडवे-उभे धागे उघड दिसतात, त्यामुळे ‘चार धागे वर, चार धागे खाली’ असे मोजीत धावदोरा घालता येतो. पुढच्या वर्षी मांजरपाटावर पेन्सिलीने सरळ रेघ ओढून द्यावी व साधी सुई हाती द्यावी. या वेळी नेढ्यातून दोरा ओवणे आणि टोकाला गाठ मारणे, हे दोन स्वतंत्र धडे समजावेत.

सात-आठ वर्षांच्या मुलाला बटण लावता येते. बटण आणि कापड यांच्यामध्ये काडेपेटीची एक काडी ठेवून टाके घालावेत. मग काडी काढून त्या सैल जागेत दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यावेत. त्यामुळे बटण काजातून सहज जाते आणि लवकर तुटत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने उलटी टीप आणि तुरपाई शिकावी व एक पिशवी पुरी करावी. लांबट कापड मधोमध दुमडायचे, दोन्ही बाजू शिवायच्या, तोंडाची कड तुरपायची, बंद लावायचे. शिवणयंत्राची घाई करू नये. हाताचा टाका कळल्यावर यंत्राची टीप आपोआप कळते.

काही नियम मात्र पाळावेच लागतात. दोरा मुलाच्या हाताच्या लांबीहून अधिक नसावा. सुया मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. काम नसताना सुई उशीत टोचलेली असावी, तोंडात कधीही धरू नये. कात्री गोल टोकाची असावी. उजव्या हाताने शिवणाऱ्या मुलाने शिक्षकाच्या शेजारी बसावे. डावखुऱ्याने समोर बसावे, म्हणजे आरशात पाहावे तसे पाहून त्याला शिकता येते. त्याचा हात बदलण्याचा खटाटोप करू नये.

एक अनुभव

दोऱ्याच्या लांबीचा नियम मी पुस्तकातून शिकलो नाही. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात तालुक्यातील एका गावी तिसरी-चौथीच्या मुलांना रोज तासभर शिवण शिकविण्याचे काम आमच्या गटाकडे आले होते. पहिल्या दिवशी मी उदारपणे प्रत्येकाला दोन-दोन हात दोरा दिला. सारा तास गुंते सोडविण्यात गेला आणि एकही टाका पडला नाही. दुसऱ्या दिवशी दोरा आखूड केला, तेव्हा कुठे काम मार्गी लागले.

त्या वर्गात एक मुलगा सुईला हात लावीत नसे. “हे पोरींचं काम हाय,” असे म्हणून तो भिंतीला टेकून बसे. त्याच्या सदऱ्याला वरची दोन बटणे नव्हती, तेथे टाचणी होती. त्याची आई पहाटेच रोजाने कामाला जाते, हे मागाहून कळले. बटणाचा धडा आला त्या दिवशी त्याने न विचारता दोन बटणे उचलली. पांढऱ्या सदऱ्यावर निळ्या दोऱ्याने ती लावली. एक थोडे वाकडे बसले. ते उसवून पुन्हा लावण्याची त्याची तयारी नव्हती. पण दुसऱ्या दिवशी टाचणी नव्हती, आणि तो भिंतीपाशी न बसता मध्ये येऊन बसला. फाटका सदरा, तुटलेले बटण अशा लहान कारणासाठी शाळा चुकविणारी मुले आपल्याकडे आहेत. त्यांना सुई देणे म्हणजे शाळेत येण्याचे एक साधन देणे होय.

हे काम बायकांचेच काय?

त्या मुलाचे म्हणणे आपल्या समाजाचेच म्हणणे आहे. पण ते तपासून पाहिले तर टिकत नाही. आपल्या शेजारच्या पंढरीचे संत नामदेव शिंप्याच्या कुळातले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. त्यांपैकी एका पदात गज, कात्री, सुई, दोरा ही शिंप्याची हत्यारे भक्तीच्या रूपकात आली आहेत. बाजारपेठेतील शिंप्यांच्या दुकानांत आजही यंत्रावर बहुधा पुरुषच बसलेला असतो. आपले जिल्ह्याचे ठिकाण असलेले सोलापूर चादरींसाठी प्रसिद्ध आहे, तसेच शालेय गणवेश शिवण्यासाठीही ओळखले जाते. म्हणजे पैसे मिळतात तेव्हा सुई पुरुषाची आणि घरात फुकट राबायचे असते तेव्हा सुई बाईची, अशी ही वाटणी आहे.

या वाटणीला शिक्षणानेही हातभार लावला. मुलींच्या शाळांत शिवण-भरतकाम हा खास विषय झाला आणि मुलांच्या शाळांत तो आला नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्यातील सेवासदनाने (१९०९) शिवणाच्या वर्गांतून अनेक निराधार स्त्रियांना स्वतःच्या पायांवर उभे केले, हे मोठे कार्य होते. परंतु मुलीला शिवण येणे हा तिचा ‘गुण’ आणि मुलाला न येणे हा त्याचा ‘पुरुषपणा’, ही समजूत प्राथमिक शाळेतच मोडली पाहिजे. त्यासाठी वर्गात सर्वांना एकच कापड, एकच टाका द्यावा.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा की, तयार कपडे स्वस्त झाले असताना शिवणाची गरज काय? उत्तर असे की, आपण शिंपी घडवीत नाही. समान टाके घालताना मूल मोजते, अंतर जोखते, डोळा आणि बोट यांची सांगड घालते. दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके बसले, हे गणित ते स्वतःच्या कापडावर सोडविते. मुख्य म्हणजे ते उसवायला शिकते. चुकलेला टाका दिसतो, तो काढता येतो, आणि त्याच कापडावर पुन्हा घालता येतो. लाल शाईच्या फुलीपेक्षा ही शिकवण अधिक दयाळू आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांच्या हाती काम दिले की त्यांच्याकडून कमाई करवून घेण्याचा मोह होतो. वर्धा योजनेत मुलांच्या उत्पादनातून शिक्षणाचा खर्च भागविण्याची जी कल्पना होती, तिच्यावर टीका झाली ती याच भीतीने. बालमजुरीविरुद्ध १९८६ साली कायदा झाला व २०१६ साली तो अधिक कडक करण्यात आला. म्हणून शाळेतील शिवणाला एक मर्यादा घालावी: मुलाने शिवलेली वस्तू विकू नये. ती त्याची स्वतःची असावी किंवा त्याने आपल्या खुषीने कोणाला तरी दिलेली असावी.

समारोप

आभाळ फाटल्यावर ठिगळ कोठे लावणार, असे आपण हताशपणे म्हणतो. पण सदरा फाटला तर ठिगळ लावता येते, आणि ते स्वतःच्या हाताने लावता येते, एवढा विश्वास मुलाला देणे आपल्या आवाक्यात आहे. त्याला निधी लागत नाही. सुयांची दोन पाकिटे, दोऱ्याची काही रिळे, जुने मांजरपाट आणि शिकविणारे चार विद्यार्थी एवढे पुरे आहे. शिकविणारे कमी पडल्यास गल्लीगल्लीतून वाकळ शिवणाऱ्या आज्या आहेत. त्यांच्यापैकी अनेकींना शाळेची पायरी चढता आली नाही. त्यांना एक दिवस वर्गात गुरू म्हणून सन्मानाने बोलवावे. मुले दोरा ओवून देतील आणि आजी टाका दाखवितील. पुढील शिबिराची आखणी करताना आपल्या महाविद्यालयाने या सूचनेचा अवश्य विचार करावा, ही नम्र विनंती.