वाफ, लाकूड आणि ट्रकच्या कमानी

बैलगाडीचे चाक तयार होताना आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल. बाभळीचे गोलाई काढलेले तुकडे एकमेकांत बसवतात, त्यावर विस्तवात लाल केलेली लोखंडी धाव चढवतात आणि पाणी ओततात. धाव थंड होताना आवळते आणि चाक घट्ट होते. या साऱ्या कामात लाकूड मात्र कोठेही वाकवलेले नसते. ते वाकसाने तासून गोल केलेले असते. सरळ लाकूडच वाकवायचे असेल तर काय करावे, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी आला. त्याचे उत्तर शोधताना जे समजले ते येथे मांडते.

माझे वडील सुतार आहेत. कराडच्या बाजूला आमचे गाव. गाड्यांना रबरी टायर आल्यापासून चाकांचे काम जवळजवळ संपले. आता दारे, खिडक्या, औतांचे दांडे एवढेच उरले आहे. सांगलीच्या एका गॅरेजात दुसऱ्या महायुद्धातला एक पाऊण टनी डॉज ट्रक दुरुस्तीला आला होता. मालकाला तो होता तसा उभा करायचा होता. हौद्यावर ताडपत्री तोलून धरणाऱ्या त्याच्या लाकडी कमानींपैकी तीन कुजल्या होत्या. त्या महिनाभरात झाल्या तर लाकडाच्या, नाहीतर फॅब्रिकेशनवाल्याकडून नळीच्या, असे गॅरेजवाल्यांनी सांगितले. वडिलांनी काम घेतले. वाफेवर लाकूड त्यांनी यापूर्वी कधी वाकवले नव्हते.

युद्धाच्या गाडीला लाकूड कशाला, असे कोणालाही वाटेल. त्या काळी पोलादाची एवढी टंचाई होती की अमेरिकेत पाच लाखांहून अधिक संख्येने बनलेल्या जीएमसी ट्रकांचे हौदेसुद्धा काही काळ लाकडाचे करण्यात आले. शिवाय लाकडी कमान हलकी असते, ती गंजत नाही आणि गंजाने कापड कुजत नाही. सुती कॅनव्हास भिजला की आखडतो. तेव्हा थोडी लवून पुन्हा जागेवर येणारी कमान बरी. आपल्या जिल्ह्यात फौजेच्या आठवणींना तोटा नाही. पहिल्या महायुद्धात एकट्या अपशिंग्याचे ४६ जवान कामी आले आणि त्या गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचे जोडले गेले. पण या जवानांना वाहून नेणाऱ्या गाड्यांची सुतारकी कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

आता मुख्य विषय. लाकूड म्हणजे उभ्या तंतूंची जुडी. या तंतूंना लिग्निन नावाचे द्रव्य धरून ठेवते. लाकूड ओलसर असेल तर ते शंभर अंशांच्या आसपास मऊ पडते आणि निवल्यावर पुन्हा घट्ट होते. आमच्या भागात उंचीमुळे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या सुमारास उकळते, पण त्याने काही बिघडत नाही. जाळावर धरून हिरवा बांबू वाकवणारे बुरूड हेच करतात. फक्त तेथे वाफ बांबूच्या पोटातल्याच पाण्याची असते. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीरही वाळलेला भोपळा आधी पाण्यात भिजवून मऊ करतात आणि मग त्याला आकार देतात.

गणिताला कंटाळून कला शाखेत आलेल्यांनी (मीही त्यांतलीच) पुढचे चार शब्द सोसावेत. एक इंच जाडीची पट्टी दोन्ही टोकांना काटकोनात वळवली की बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ३.१४ इंच लांब व्हावी लागते. वळणाची त्रिज्या कितीही असो, हा फरक तोच राहतो. शाळेत पाठ केलेला पाय येथे असा भेटतो. हा फरक भरून कसा काढायचा? वाफवलेले लाकूड आतून चेपले जाते, चांगले असेल तर पाव हिश्श्यापर्यंतही. ताणले मात्र ते जेमतेम एकदोन टक्के जाते. म्हणून नुसते ओढून वाकवले तर बाहेरचे तंतू तटातट तुटतात. यावरचा उपाय म्हणजे बाहेरच्या अंगाला लोखंडी पट्टी लावायची आणि तिच्या दोन्ही टोकांना ठोकळे बसवून लाकूड मध्ये घट्ट अडकवायचे. मग लाकडाला लांब व्हायला जागाच उरत नाही, सारा फरक आतल्या बाजूने चेपून निघतो. एकोणिसाव्या शतकात व्हिएन्नाच्या थोनेट यांच्या कारखान्यात अशाच पट्ट्या लावून खुर्च्या वाकवत. त्यांची १८५९ सालची १४ नंबरची खुर्ची जगभर गेली.

हे मी एका इंग्रजी पुस्तकातून वाचून वडिलांना सांगितले. तोपर्यंत बाभळीचा एक तुकडा पट्टीवाचून वाकवताना गाठीपाशी फुटला होता. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “म्हंजे भाईरनं ताणू द्यायचंच न्हाई, आतनं चेपायचं. धावेचंच काम की हे, उलटं.” माझ्या पानभर भाषांतरापेक्षा हे नेमके होते.

लाकूड धामणीचे घेतले. सह्याद्रीच्या रानातली धामण चिवट आणि लवचिक म्हणून प्रसिद्ध. धनुष्ये, कावडीच्या काठ्या, गाडीच्या दांड्या तिच्याच करीत. घरात जुन्या चारच पट्ट्या होत्या, म्हणजे वाया घालवायला एकच. त्या फार वाळलेल्या होत्या म्हणून आठवडाभर हौदात बुडवून ठेवल्या. उभे तंतू टोकापासून टोकापर्यंत सरळ जातात की नाही, हे वडिलांनी बोट फिरवून पाहिले.

वाफेसाठी घरचा तांब्याचा बंब वापरला. आमच्या बंबाची तोटी वरच्या अंगाला आहे. पाणी तोटीच्या खाली ठेवले की तिच्यातून नुसती वाफ येते. नरसाळ्याची नळी तळापर्यंत जाते, त्यामुळे कोठे तुंबलेच तर पाणी नरसाळ्यातून वर चढते आणि धोका कळतो. बंद पिंप असे कधीही तापवू नये. खोक्याच्या फळ्यांची दहा फुटी पेटी केली. आत लाकडी खुंट्या ठोकल्या, म्हणजे वाफ पट्टीच्या चारी अंगांनी फिरते. पेटी जराशी उतरती ठेवली आणि खालच्या टोकाला पाणी व वाफ जायला भोक पाडले. इंचाला एक तास असा हिशेब धरतात. बाहेर काढल्यावर मिनिटभरात वाकवले पाहिजे, नाहीतर लाकूड निवते.

पहिल्या पट्टीला एका बाजूला वडील व चुलते, दुसऱ्या बाजूला भाऊ व मी. शिकंजे आधीच उघडून ठेवलेले. आवाज न होता ती फर्म्यावर बसली. दुसरीही बसली. तिसरीचा एक ठोकळा सरकला आणि पट्टी बाहेरून चिरली. आता एकच उरली होती. वडिलांनी ठोकळ्यामागे पाचर मारली आणि चौथीला तासाऐवजी सव्वा तास वाफ दिली. ती वाकली, फक्त आतल्या अंगाला एक बारीक सुरकुती पडली. ताडपत्री बाहेरून बसते, त्यामुळे ती चालण्यासारखी होती. शिकंजे सोडल्यावर कमान थोडी उघडते, म्हणून फर्मा मुळातच अर्धा इंच जास्त वळवलेला होता.

कमानी मुदतीच्या चार दिवस आधी सांगलीला गेल्या. प्रत्येकीला तीन दिवसांची मजुरी आणि लाकडाचे वेगळे पैसे मिळाले. गॅरेजवाल्यांनी फर्माही मागितला. वडील म्हणाले, “कमानी तुमच्या, फर्मा माझा.” तो आता आमच्या छपरात टांगलेला आहे आणि धामणीच्या ओल्या लाकडासाठी पाटणला निरोप गेला आहे.