खानेसुमारीच्या रकान्यांतील गवंडी, सुतार व मजूर

खेड्यात एक घर उभे राहावयाचे म्हणजे त्याला अनेक हात लागतात. पायाची माती वडार खणतो, दगड पाथरवट घडवितो, विटा कुंभार भाजतो, चुना भट्टीवाला पुरवितो, भिंत गवंडी रचतो, आढे, वासे व दारे सुतार करतो आणि खिळे व बिजागऱ्या लोहाराच्या ऐरणीवरून येतात. घरधन्याच्या दृष्टीने हे सर्व एकाच कामावरचे कारागीर होत. परंतु इंग्रजी अमदानीतील खानेसुमारीची कोष्टके उघडली, तर ही मंडळी एका पानावर कोठेच सापडत नाहीत. असे का झाले, हे शिक्षकांनी समजून घेतल्यास इतिहास-भूगोलाच्या पाठात येणारे धंद्यांचे आकडे कसे वाचावेत, हेही ध्यानात येईल.

१८७२ च्या सुमारास झालेली पहिली गणती निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वेळी झाली. साऱ्या देशात एकाच रात्री गणती झाली ती १७ फेब्रुवारी १८८१ रोजी. त्या वेळी धंद्यांची वर्गवारी इंग्लंडातील पद्धतीवरून घेण्यात आली. तीत सहा मोठे वर्ग होते व औद्योगिक हा त्यांपैकी एक. ही पद्धती कारखाने व दुकाने वेगळी झालेल्या देशातून आलेली. तरीही तीत वस्तू करणारा व वस्तू विकणारा यांची पुष्कळदा एकत्रच मोजणी होई. १९०१ मध्ये वर्ग आठ व पोटगट ५२० झाले. त्या वर्षी मातीकाम करणारे लोक ‘शेतीखेरीज इतर अकुशल मजुरी’ या वर्गात पडले.

१० मार्च १९११ च्या खानेसुमारीत फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांची वर्गवारी स्वीकारण्यात आली आणि सर्व मांडणी पुन्हा बदलली. आता ‘बांधकामाचे उद्योग’ असे एक स्वतंत्र प्रकरण झाले. त्यात चुना भाजणारे, पाया व विहिरी खणणारे, पाथरवट, गवंडी, घरे शाकारणारे व रंगविणारे यांना जागा मिळाली. मात्र सुतार लाकडाच्या प्रकरणात गेला, लोहार धातूंच्या आणि वीट भाजणारा मडकी करणाऱ्यांच्या शेजारी मातीच्या वस्तूंच्या प्रकरणात. खाणीतून दगड काढणारा खनिजांकडे वळला. तोच वडार सडकेवर माती टाकीत असेल, तर त्याची गणना दळणवळणात! दहा वर्षांत माणूस तोच, कुदळ व फावडेही तेच. कोष्टकातील घर तेवढे बदलले. म्हणून १९०१ व १९११ चे आकडे शेजारी शेजारी मांडून ‘बांधकामावरील लोक वाढले’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट गणकाच्या लेखणीची. गणक बहुधा गावचाच लिहिता माणूस असे: तलाठी, कुलकर्णी किंवा शाळामास्तर. अगोदर काही आठवडे काळ्या शाईने नोंदी करावयाच्या व गणतीच्या रात्री तांबड्या शाईने त्या दुरुस्त करावयाच्या, अशी रीत होती. १९११ च्या नोंदपत्रकात मुख्य धंदा, दुय्यम धंदा आणि आश्रिताच्या बाबतीत पोशिंद्याचा धंदा, असे तीन रकाने होते. ‘नोकरी’, ‘मजुरी’ असले मोघम शब्द लिहू नयेत. मजुरी शेतातली, खाणीतली, गिरणीतली की मातीकामाची, ते स्पष्ट लिहावे, अशी सूचना होती. सूचना चांगली होती. पण शेकडो माणसांच्या नोंदी करताना एका शब्दात काम उरकण्याचा मोह कोणासही होईल. पुढे कचेरीत प्रत्येक माणसाची एकेक चिठ्ठी करून त्या निवडीत. निवडणाऱ्यापुढे माणूस नव्हता, शब्द होता. ‘मजूर’ एवढेच लिहिले असेल, तर गवंड्याच्या हाताखालचा तो गडी ‘अपुरे वर्णन केलेले धंदे’ या वर्गात कायमचा जाऊन पडे.

स्त्रियांच्या बाबतीत हे अधिकच घडे. कुटुंबाच्या उत्पन्नात भर घालणारे काम करणाऱ्या स्त्रिया व मुले यांचा धंदा स्वतंत्र लिहावा, असा नियम होता. पण चुना मळणारी व घमेली वाहणारी बाई घरच्या कर्त्याने ‘घरीच असते’ म्हणून सांगितली, की ती आश्रितांत जाई. गिरणी-कारखान्यांत वीस किंवा अधिक माणसे असल्यास १९११ मध्ये त्यांची वेगळी गणती झाली. गावोगाव फिरणाऱ्या गवंड्याला असे छप्पर नव्हते.

या शब्दांवर पुढे मोठा वाद उभा राहिला. इंग्रजी राज्यात कारागीर धंदा सोडून शेतीकडे लोटला गेला, याला पुरावा म्हणून १८८१ ते १९३१ चे आकडे दाखविले जात. डॅनिएल थॉर्नर यांनी १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे दाखविले की, शेती व मोघम मजुरी एकत्र धरली आणि उद्योग व व्यापार एकत्र धरले, तर पुरुषांच्या प्रमाणात त्या पन्नास वर्षांत फारच थोडा फरक पडतो. स्त्रियांचे आकडे तर भरवशाचे नाहीत. यावरून कारागिरांची हानी झालीच नाही, असे ठरत नाही. ती १८८१ पूर्वीच झालेली असू शकेल. तेव्हाची तशी कोष्टके नाहीत, एवढेच.

वरच्या वर्गांत हा पाठ घेताना गावात चालू असलेले एखादे बांधकाम निवडावे. तेथे काम करणाऱ्यांची यादी मुलांकडून करवून घ्यावी व फळ्यावर १९०१, १९११ आणि १९६१ असे तीन रकाने पाडावेत. १९६१ मध्ये बांधकाम हा स्वतंत्र विभाग झाला व रस्त्यावरचा मजूरही त्यात आला, हे सांगावे. सळई बांधणारा, फरशी बसविणारा, वीज जोडणारा यांना जुन्या रकान्यांत कोठे बसवावे, हे मुलांनाच ठरवू द्यावे. शेवटी पावसाळ्यात औत धरणारा व उन्हाळ्यात घरे शाकारणारा बलुतेदार सुतार घ्यावा. ज्यावर निर्वाह मुख्यतः चालतो तो मुख्य धंदा, असा १९११ चा नियम. परंतु त्याचे बलुते धान्यात येते आणि शेतही धान्यच देते. खळ्यावरच्या त्या दोन राशींतील कोणती मोठी, हे गणकाने कशावरून ठरविले असेल, असे वर्गाला विचारावे.