परिसर परिचय : वेळास

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, बाणकोट किल्ल्याजवळ वेळास हे छोटेसे सागरतीरावरील गाव वसले आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव होय. श्रीक्षेत्र हरिहरेश्वराहून बागमांडला येथे फेरीबोटीने सावित्रीची खाडी ओलांडून येथे येता येते.

हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे येथील वाळूत प्रत्येकी सुमारे शंभर अंडी घालतात. पूर्वी ही अंडी चोरीस जात. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांचे संरक्षण सुरू केले. सुमारे पन्नास दिवसांनी बाहेर पडणारी पिल्ले उजळ क्षितिजाच्या, म्हणजेच समुद्राच्या दिशेने धावतात. किनाऱ्यावरील दिव्यांमुळे मात्र ती वाट चुकतात.

देवालयातील कूर्मास वंदन करणाऱ्या भाविकांनी रात्री या किनाऱ्यावर विजेरी लावू नये, ही नम्र विनंती.